आडनावाचा माग डीएनएने काढायचा तर: मुंबईकरांसाठी पायरीपायरीने

तुमच्याच आडनावाचं एक घर लालबागला आहे, एक डोंबिवलीला. गाव दोघंही तेच सांगतात. लग्नपत्रिका येते-जाते, पण नातं नेमकं काय असं विचारलं की म्हातारी माणसं ‘आपल्यातलेच’ एवढ्यावर भागवतात. हे ‘आपल्यातलेच’ खरं किती आणि ऐकीव किती, हे डीएनएवरून तपासता येतं. त्यासाठी परदेशात आडनावांचे सार्वजनिक प्रकल्प चालतात: एकाच आडनावाची माणसं स्वखर्चाने चाचणी करतात, निकाल एका ठिकाणी ठेवतात आणि प्रकल्प चालवणारा स्वयंसेवक, म्हणजे अ‍ॅडमिन, त्यांची गटवारी करतो. आपल्यालाही त्यात उतरता येतं. मात्र तिथल्या सूचना तिथल्या आडनावांसाठी लिहिलेल्या आहेत आणि आपली आडनावं तशी वागत नाहीत. नवीन माणूस गोंधळतो तो इथेच.

मी हे माहेरच्या आडनावासाठी केलं. नमुने भावाचे आणि काकांचे, धावपळ माझी.

1. आधी प्रश्न एका वाक्यात लिहा

‘आमचं मूळ कुठलं?’ हा प्रश्न चाचणीसाठी निरुपयोगी आहे. ‘लालबागची शाखा आणि आमची शाखा बापाकडून एकाच मूळपुरुषाची आहे का?’ हा चांगला प्रश्न, कारण त्याचं उत्तर हो किंवा नाही असं येऊ शकतं. आपल्याकडे तपासायची असतात ती दोन घरं, सगळं आडनाव नव्हे.

इंग्लंडमध्ये ब्रायन साइक्स या शास्त्रज्ञाने आपल्याच आडनावाच्या पुरुषांची तपासणी केली. 2000 साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात निम्म्याच्या आसपास पुरुषांचं वाय गुणसूत्र, म्हणजे बापाकडून फक्त मुलग्याकडे जाणारा डीएनएचा भाग, एकाच घराण्याचं निघालं. तिथे आडनाव शेकडो वर्षं बापाकडून मुलाकडे गेलं, म्हणून हे जमलं. आपल्याकडे पाटील, देशमुख, कुलकर्णी ही वतनाची नावं. ज्याच्याकडे वतन, त्याचं आडनाव. जाधव, मोरे, पवार, शिंदे ही आडनावं कितीतरी जातींत सापडतात. ‘कर’ लावलेली आडनावं तर बहुतेक वेळा माणसाने गाव सोडल्यावर चिकटतात. गावात राहिलेला भाऊ जुन्याच नावाने राहिला आणि बाहेर पडलेला गावाच्या नावाने ओळखला जाऊ लागला, असं कोकणात सर्रास घडलेलं आहे. म्हणजे एका आडनावाचे दोघे परके निघू शकतात आणि वेगळ्या आडनावाचा तिसराच रक्ताचा निघू शकतो. हे मनात पक्कं केलं की पुढचं सोपं जातं.

2. कागद आधी, थुंकी नंतर

कागद नसतील तर चाचणीचा निकाल म्हणजे नुसते आकडे. निदान पणजोबांपर्यंतची वंशावळ दोन्ही शाखांची तयार हवी. हे जमवा:

- शाळा सोडल्याचे दाखले, जितके जुने तितके बरे
- गावच्या जन्म-मृत्यूच्या नोंदी, ज्यांना कोतवाल बुक किंवा गाव नमुना 14 म्हणतात
- सातबारा, फेरफार आणि वारस नोंदी. जुने स्कॅन केलेले उतारे ‘आपले अभिलेख’ या सरकारी संकेतस्थळावर बऱ्याच जिल्ह्यांचे मिळतात
- गिरणीतल्या नोकरीचे कागद: पास, पीएफच्या पावत्या, गिरणी कामगारांच्या घरांसाठी केलेले अर्ज
- चाळीच्या जुन्या भाडेपावत्या, रेशन कार्ड
- तुमच्या गावाच्या मुंबईतल्या ग्रामस्थ मंडळाच्या वर्गणीच्या वह्या
- नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांकडची नामावळी

ग्रामस्थ मंडळाची वही लोक विसरतात. गिरणगावात गावाच्या नावाने खोल्या असत, एकेका खोलीत गावचे वीस-वीस गडी राहत, आणि गावच्या देवळाची वर्गणी नावनिशीवार लिहिली जाई. आमच्या मंडळाच्या वहीत आजोबांच्या नावापुढे कंसात वाडीचं नाव होतं. त्या एका शब्दामुळे शोध एका गावावरून एका वाडीवर आला.

नामावळी बघायला गेलात तर आडनावाबरोबर गाव आणि जात विचारतात, कारण वह्या तशाच लावलेल्या असतात. काही पानं मोडीत असतात. मोडी वाचणारं कोणी आधीच शोधून ठेवा. काळा घोड्याला एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत राज्याचं पुराभिलेखागार आहे, पण तिथे ‘आमच्या घराण्याचं काही आहे का’ असं विचारत जाऊ नका. गाव, तालुका आणि साल हाताशी असेल तरच जा. तुमच्या घराण्याचा कुळवृत्तांत कधी छापला असेल तर दादरच्या मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयात चौकशी करा. कुळवृत्तांत मात्र डोळे झाकून मानू नका. मूळपुरुषाच्या वरच्या पिढ्या पुष्कळदा हौसेने जोडलेल्या असतात.

आता एक साधन जे फुकट आहे: सुतक. घरातल्या सगळ्यात वयस्कर बाईला विचारा, ‘लालबागकरांकडे कोणी गेलं तर आपल्याला काय पाळावं लागतं? दहा दिवस, तीन दिवस, की नुसती आंघोळ?’ सुतक बापाच्या वंशाने चालतं, आणि वाय गुणसूत्रही. शास्त्रात दहा दिवसांचं सुतक सात पिढ्यांच्या आतल्या सपिंडांचं आणि त्यापलीकडच्यांचं तीन दिवसांचं, असा हिशोब आहे. बायकांना हा हिशोब पुरुषांपेक्षा पक्का ठाऊक असतो, कारण पाळावं त्यांनाच लागतं. (लग्न झाल्यावर मला माहेरचं तीन दिवसांचंच लागतं, पण शोध घ्यायला त्याने काही अडत नाही.) कुलदैवत, देवक आणि गावच्या पालखीतला मान हेही त्याच बैठकीत विचारून घ्या. हे सगळं जुळत असेल तरच पैसे खर्च करण्यात अर्थ आहे.

3. तीन चाचण्यांपैकी कोणती?

वाय-डीएनए: बापाकडून मुलाकडे जवळपास जसंच्या तसं जातं. आडनावाच्या प्रकल्पांचा सगळा डोलारा यावर. फक्त पुरुषाचा नमुना चालतो. 37 किंवा 111 मार्करची, म्हणजे वायवरच्या तितक्या ठरावीक जागा मोजणारी चाचणी असते, त्याहून खोल ‘बिग वाय’ असते. दोन शाखा ताडून पाहायला 37 ने सुरुवात करा.

मायटोकाँड्रियल: आईकडून सगळ्या मुलांना जातं. आडनावाशी संबंध नाही.

ऑटोसोमल: दोन्हीकडचं मिसळलेलं. चार-पाच पिढ्यांतली नाती यात दिसतात. याच्या जाहिराती सगळ्यात जास्त असतात. ‘तुम्ही इतके टक्के दक्षिण आशियाई’ असं रंगीत वर्तुळ मिळतं, आडनावाचं कोडं तसंच राहतं. पैसे भरण्यापूर्वी ‘वाय मार्करचे आकडे आणि इतरांशी जुळणी मिळणार का?’ हे लेखी विचारा. नाही म्हणाले तर पुढे जाऊ नका.

ऑटोसोमलबद्दल आपल्यासाठी आणखी एक सावधगिरी आहे. सख्ख्या चुलत-मावस भावंडांत सरासरी 12.5 टक्के डीएनए सामाईक असतो, त्यांच्या मुलांमुलांत 3 टक्क्यांच्या जरा वर. कंपन्या या हिशोबाने नात्याचा अंदाज देतात. पण आपल्याकडे जातीतच लग्नं होत आलेली आहेत आणि अनेक समाजांत मामाच्या मुलीशी लग्न ही रीतच आहे. त्यामुळे एकच दूरचा नातेवाईक तीन बाजूंनी नात्यात असतो आणि संगणक त्याला जवळचा ठरवून मोकळा होतो. ‘सेकंड कझिन’ असं आलं की फोन उचलून ‘आपण नातेवाईक!’ म्हणू नका. वंशावळीत दोघांचा सामाईक पणजोबा दिसतो का ते आधी बघा.

4. नमुना कोणाचा घ्यायचा

दोन्ही शाखांतला एकेक पुरुष, आणि दोघेही शक्य तितक्या दूरच्या फाट्यावरचे. भाऊ आणि वडील दोघांची चाचणी केलीत तर एकाचे पैसे वाया. वाय तेच असतं. दूरचा चुलत घेतला आणि जुळलं, तर मधल्या सगळ्या पिढ्या एका फटक्यात सिद्ध होतात.

थेट वंशज मिळत नसेल तर काकांची शाखा चालते. 1998 मध्ये अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष थॉमस जेफरसन यांच्याबाबत हेच केलं गेलं. त्यांचा औरस मुलाकडून चालत आलेला पुरुष वंश नव्हता, म्हणून त्यांच्या काकांच्या वंशजांचे नमुने घेतले. सॅली हेमिंग्ज या गुलाम स्त्रीच्या एका मुलाच्या वंशजाशी ते जुळले. मात्र त्या जुळणीवरून बाप जेफरसन घराण्यातला होता इतकंच कळत होतं. तो नेमका कोण, हे इतिहासाच्या कागदांवरून ठरवावं लागलं. तुमच्या बाबतीतही डीएनए घराणं सांगेल, माणूस सांगणार नाही.

संमती तोंडी घेऊ नका. ‘तुमचे आकडे परदेशातल्या एका यादीत दिसतील, अनपेक्षित काही निघालं तर ते तुम्हाला सांगू की नको?’ हे स्पष्ट विचारा आणि कागदावर सही घ्या. म्हातारे काका ‘घे गं, काय घ्यायचं ते’ म्हणतात, तरी विचाराच. त्यांच्या मुलांनाही सांगा. वाय त्यांचंही तेच आहे.

5. प्रकल्प शोधणे आणि सामील होणे

आडनावांच्या प्रकल्पांचं मोठं ठिकाण म्हणजे अमेरिकेतल्या ह्यूस्टनची फॅमिलीट्रीडीएनए ही कंपनी. तिच्याकडे तीन प्रकारचे प्रकल्प असतात: आडनावाचे, हॅप्लोग्रुपचे (म्हणजे हजारो वर्षांमागच्या वंशफाट्याचे) आणि प्रदेशाचे. सामील व्हायला वेगळे पैसे पडत नाहीत, चाचणीचेच पडतात.

मराठी आडनावाचा चालता प्रकल्प सापडेल याची आशा धरू नका. आपल्या लोकांनी चाचण्याच कमी केल्या आहेत. तेव्हा प्रदेशाच्या आणि हॅप्लोग्रुपच्या प्रकल्पांत जा आणि आपल्या दोन-तीन शाखांचे निकाल स्वतः ताडून पाहा. शोधताना रोमन स्पेलिंग उलटसुलट करून बघा. सावंतांत डब्ल्यू की व्ही, गायकवाडांत शेवटी डी की आर, देशपांड्यांच्या शेवटी ई की वाय; साहेबाच्या काळात कारकुनाने जे लिहिलं ते चाललं.

खातं उघडल्यावर ‘सर्वांत जुना ज्ञात पूर्वज’ असा रकाना येतो. इथे बापाच्या बापाच्या बापाच्या ओळीतला शेवटचा नक्की माहीत असलेला पुरुषच लिहायचा. पुष्कळ जण आईच्या घराण्यातला नामांकित पूर्वज टाकतात आणि प्रकल्पाची यादी नासवतात. नावापुढे गाव, तालुका आणि अंदाजे साल लिहा. शिवाजी महाराजांच्या काळापर्यंत नेऊ नका, कागद 1880 पर्यंतच असेल तर 1880 च लिहा.

अ‍ॅडमिनला पहिलं पत्र लहान आणि नेमकं असू द्या: आमचं आडनाव गावावरून पडलेलं आहे, मूळ गाव अमुक, दोन शाखा तपासायच्या आहेत, जातीतच लग्नं होतात. यातला पहिला मुद्दा महत्त्वाचा. परदेशातल्या स्वयंसेवकाला ‘कर’ म्हणजे काय हे ठाऊक नसतं, आणि तो एका गावावरून पडलेल्या सगळ्या आडनावांना एकच घराणं समजून बसतो.

कोकणातल्या बेने इस्रायली समाजाचं उदाहरण त्याला जरूर द्या. पेणकर, रोहेकर, नवगावकर, दिवेकर ही त्यांची आडनावं; ऐकायला शेजारच्या हिंदू घरांसारखीच, गावावरून पडलेली. मशीद बंदरजवळचं 1796 चं सिनेगॉग बांधणारेही दिवेकरच. 2016 मध्ये प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासात या समाजात मध्यपूर्वेतल्या यहुदी आणि स्थानिक भारतीय अशा दोन्ही पूर्वजांचा वाटा दिसला. गाव एक, प्रत्यय एक, वंशाची कहाणी निराळी.

6. नमुना घेणे, पाठवणे

गालाच्या आतून कापसाच्या काडीसारखा स्वॅब फिरवायचा असतो. त्याआधी किटवर लिहिलेला वेळ काही खायचं-प्यायचं नाही. तंबाखू, पान, मिश्रीही नाही. आणि गावाकडच्या काकांच्या बाबतीत हीच खरी अडचण आहे. सकाळी उठल्याउठल्या, चहाच्याही आधी घ्या. गणपतीत सगळे मूळ घरी जमतात, म्हणून तो मुहूर्त बरा, पण मोदकांच्या पंगतीनंतर स्वॅब काढायला बसू नका.

दोन नमुने एकाच दिवशी घेत असाल तर एक किट पूर्ण बंद करून, नाव घालूनच दुसरं उघडा.

किट भारतात येतं का आणि नमुना भारतातून परत स्वीकारतात का, हे पैसे भरण्याआधी कंपनीकडून ईमेलवर लिहून घ्या. सगळ्या कंपन्या भारतात किट विकत नाहीत आणि नियम बदलतात. पाठवताना आत काय आहे हे पोस्टात किंवा कुरिअरवाल्याला खरं सांगा आणि कंपनीचं छापील पत्रक सोबत ठेवा. ‘गिफ्ट’ लिहून पाठवायचा सल्ला देणारे भेटतील. ऐकू नका. किमती डॉलरमध्ये असतात. 25 एप्रिलचा डीएनए दिवस, जूनमधला फादर्स डे आणि नाताळच्या सुमारास सवलती लागतात, घाई नसेल तर तेव्हा घ्या.

7. निकाल वाचणे

निकालात मार्करची नावं आणि त्यापुढे आकडे येतात. हा आकडा म्हणजे त्या जागी डीएनएचा एक छोटा तुकडा किती वेळा ओळीने आला आहे ती संख्या. समजा डीवायएस 393 ला भावाचा 13 आणि काकांचाही 13. डीवायएस 390 ला भावाचा 25, काकांचा 24. बाकी सगळे सारखे. मग फरक एकाचा. याला जेनेटिक डिस्टन्स म्हणतात. 37 मार्करमध्ये फरक 0 किंवा 1 आणि कागदही तेच सांगत असतील तर मूळपुरुष एक मानायला हरकत नाही. फॅमिलीट्रीडीएनए 37 मार्करवर 4 पर्यंतच्या फरकाची माणसं जुळणी म्हणून दाखवते. पण 3-4 चा फरक असेल तर 111 मार्करपर्यंत वाढवल्याशिवाय काही ठरवू नका. नमुना प्रयोगशाळेत ठेवलेला असतो, त्यामुळे सहसा पुन्हा द्यावा लागत नाही.

त्याच पानावर हॅप्लोग्रुप येतो: आर1ए, एच, एल, जे2 असं काही. इथे लोक घसरतात. हॅप्लोग्रुप हजारो वर्षांमागचा फाटा सांगतो, घराणं नाही. दोघांचा आर1ए आला म्हणून ते भाऊबंद होत नाहीत; हॅप्लोग्रुप वेगळे आले तर मात्र बापाकडून नातं नाही हे नक्की. आणि हॅप्लोग्रुपवरून जात काढणारे महाभाग सगळीकडे भेटतात. हे चारही गट महाराष्ट्रात निरनिराळ्या जातींत सापडतात. तुमच्या घरच्या गटात कोणी असा दाखला फिरवू लागला तर तिथेच थांबवा.

जुळणाऱ्यांच्या यादीत वेगळं आडनाव दिसलं तर ते सोडू नका. त्यांचं गाव, कुलदैवत विचारा. आम्हाला उपयोगी पडलेली जुळणी आमच्या आडनावाची नव्हतीच; त्या माणसाच्या आजोबांचा सातबारा आमच्या शेजारच्या वाडीतला होता.

8. जुळलं नाही तर

लगेच कोणाच्या आजीबद्दल कुजबुज सुरू करू नका. आपल्याकडे दत्तकाची चाल जुनी आहे. भावाचा मुलगा दत्तक घेतला असेल तर वाय तेच राहतं. मुलीचा किंवा मेहुण्याचा मुलगा घेतला असेल तर तिथे ओळ तुटते आणि आडनाव चालू राहतं. घरजावयाने सासऱ्याची जमीन कसली आणि त्याच्या मुलांना गावाने सासऱ्याच्याच आडनावाने ओळखलं, असंही होतं. फेरफार आणि वारस नोंदीत हे दिसतं, म्हणून पायरी 2 वर एवढा जोर दिला. कोणती ओळ तुटली हे कळायला प्रत्येक शाखेतला आणखी एक पुरुष तपासावा लागतो.

जमिनीचा दावा चालू असेल तर ही चाचणी करूच नका, किंवा आधी वकिलाशी बोला. हौसेच्या चाचणीचा कागद भाऊबंदकीत कोण कसा वापरेल सांगता येत नाही.

9. माहिती जपणे

डीएनए बदलता येत नाही, म्हणून इथे आळस नको. ट्वेंटीथ्री-अँड-मी या मोठ्या कंपनीतून 2023 मध्ये सुमारे 69 लाख ग्राहकांची माहिती फुटली आणि मार्च 2025 मध्ये कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला. 2018 मध्ये कॅलिफोर्नियातला जुना खुनी जेडमॅच या खुल्या संकेतस्थळावरच्या नातेवाइकांवरून पकडला गेला. तेव्हापासून पोलिसांना जुळणी दाखवायची की नाही, हे निवडायची सोय अशा ठिकाणी आली. आपल्याकडे डीएनए तंत्रज्ञानाच्या वापराला नियम घालणारं विधेयक 2023 मध्ये मागे घेतलं गेलं. म्हणून:

- खात्यावर पूर्ण नावाऐवजी आद्याक्षरं ठेवा, जिवंत माणसांची नावं वंशावळीत झाका
- या कामासाठी वेगळा ईमेल आणि वेगळा पासवर्ड
- पोलिसांसाठीची आणि संशोधनासाठीची परवानगी स्वतः वाचून निवडा
- अ‍ॅडमिनला फक्त निकाल बघायचा अधिकार द्या, बदलायचा नको
- निकालाची फाइल उतरवून पेन ड्राइव्हवर ठेवा

किट काकांच्या नावाचं आणि ईमेल तुमचा, अशी व्यवस्था असेल तर खात्यात वारसाचा रकाना आत्ताच भरा आणि पासवर्ड त्यांच्या मुलाकडेही द्या. काका 80 चे असतील तर 111 मार्करची वाढीव चाचणी पुढच्या सवलतीत उरकून घ्या. ठेवलेला नमुना कधीकधी पुरत नाही आणि तेव्हा नवा स्वॅब मागतात.